न हसलेली कोण?

भाऊजी,

तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आईंनी बंब पेटवला आणि मला म्हणाल्या, "वामनच्या त्या वह्या आण. चिठ्ठ्यांची पेटीही आण." पोटच्या पोराचं नाव घेताना त्यांचा आवाज चिरकला, पण पुढे केलेला हात काही त्यांनी मागे घेतला नाही. मी माजघरात उभी. तुमची पत्र्याची पेटी माझ्या पायाशी होती आणि मला जागचं हलवत नव्हतं.

त्यांचं तरी काय चुकलं? विषमज्वराच्या त्या शेवटच्या दुपारी तुम्ही बरळत होतात. अशा वेळी माणसाच्या तोंडी रामाचं नाव यावं म्हणून आई कानाशी बसून "राम म्हण बाळ, राम म्हण" करत होत्या, आणि तुम्ही खणखणीत आवाजात विहिणीचं गाणं म्हणालात. सगळं, शेवटच्या ओळीसकट. दारात गल्लीतली चार माणसं उभी होती, त्यांनी माना खाली घातल्या. तुमचे दादा, आमचे हे, उठून अंगणात गेले. आणि मी, देवाशपथ सांगते, तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले. तुम्ही जात होतात आणि मला हसू आवरत नव्हतं. त्या हसण्याची लाज अजून माझ्या मानेवर बसली आहे. ती सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं. तुम्ही मला बोल लावला नसतात, ताबडतोब एक कोरी चिठ्ठी पुढे केली असतीत.

बंबाची घाई व्हायला आणखी एक निमित्त झालं. तुमच्या पुण्याच्या प्रोफेसरांचं कार्ड आलं. दुखवट्याच्या दोन ओळी आणि खाली लिहिलेलं, की वामनरावांचा संग्रह कृपा करून नष्ट होऊ देऊ नये, तो आमच्याकडे पाठवावा. दादांनी कार्ड दोनदा वाचलं आणि कोनाड्यात ठेवलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणजे एका बाजूला बंब आणि एका बाजूला पुणं, आणि मधे मी. कारण घरात सगळ्यांची समजूत अशी की हा सगळा चावटपणा, ही गाणी नि विनोद, तुम्ही तमाशाच्या कनातीत आणि शिमग्याच्या होळीपाशी उभं राहून गोळा केलात. पेटी कोणी उघडली नव्हती. उघडली असती तर कळलं असतं, की निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवरचं अक्षर तुमचं नाहीच. ते घरच्या सुनेचं आहे.

तुमच्या उद्योगाची सुरुवात मात्र तमाशापासूनच झाली हे खरं. नगरच्या शाळेत मास्तरकी करायचात, शनिवारी सर्व्हिस मोटारीने शेवगावला यायचात, आणि रविवारी बाजारात नाहीतर कनातीत वही घेऊन उभे. दिवस धरपकडीचे. वहीत लिहिणारा माणूस म्हणजे सरकारचा हेर, असं गावाला वाटलं. फौजदाराला वाटलं, हा भूमिगतांचा निरोप्या. त्याने तुम्हाला चावडीवर बसवून वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तासाभराने तुम्ही घरी आलात ते हातात पेढा घेऊन. आम्ही घाबरून विचारलं तर म्हणालात, "सोडलं. वर त्याच्या मुलखातले तीन विनोद सांगितले. त्यातला एक अस्सल आहे." त्या दिवशी दादा तुमच्याशी बोलले नाहीत. मी मात्र आत जाऊन पोट धरधरून हसले, आणि मला वाटतं, तुम्ही ते ऐकलंत. तिथूनच तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं असावं.

मग तुमच्या चुलतबहिणीचं लग्न आलं. रुखवताच्या वेळी आतल्या खोलीत बायकांनी विहिणीला गाण्यात घेतलं. तुम्ही भिंतीपलीकडे पोत्यावर बसलेले. जरा दाराकडे सरकलात की आतलं गाणं बंद. पुन्हा मागे गेलात की पुन्हा सुरू. असं तीनदा झाल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघराच्या मागच्या दारी गाठलंत आणि शाळेतल्या पोरासारखे खाली बघून म्हणालात, "वहिनी, एक काम आहे. काम वाईट आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

मी नाही कशी म्हणणार होते? लग्न होऊन सहा वर्षांत कोणी मला विचारून काम सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही मला पहिली चिठ्ठी दिलीत. मुलांच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या त्या चिठ्ठ्या! एका बाजूला अकबराची राज्यव्यवस्था, दुसऱ्या बाजूला आमचा वाह्यातपणा. प्रत्येकीवर तुम्ही चार ओळी आखल्या होत्यात. काय म्हटलं? कोणाला म्हटलं? आधी कोण हसलं? आणि चौथी, न हसलेली कोण? मी म्हटलं, "पहिल्या तीन समजल्या. ही चौथी कशाला? न हसणारीचं काय घ्यायचं?" तुम्ही म्हणालात, "हसणाऱ्या कोणालाही दिसतात. ती तेवढी शोधा."

गाणं आपल्या आईंनीच रचलेलं होतं, तिथल्या तिथे, हातात सुपारी घोळवत:

विहीणबाई, विहीणबाई, बसायला पाट,
पाट म्हणे, बाई गं, मोडली माझी पाठ.
व्याही म्हणे, पाटा रे, तुझं दुखणं घडीचं,
वीस वर्षं रोज रात्री माझ्या बरगडीचं!

मी ते तुम्हाला मान वळवून, भिंतीकडे बघत म्हणून दाखवलं. कान तापले होते माझे. तुम्ही हसाल, निदान गालात तरी, असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ते असं मन लावून ऐकलंत, जसं कोणी आजाऱ्याच्या छातीला कान लावतं. मग विचारलंत, "आधी कोण हसलं?" मी म्हटलं, "नवल म्हणजे ज्यांची थट्टा झाली त्या विहीणबाईच. त्यांचं ते अंग गदागदा हलत होतं." "आणि न हसलेली?" मी म्हटलं, "कोणी नाही." तुम्ही म्हणालात, "नवरी कुठे होती?"

भाऊजी, माझ्या अंगावर तेव्हा आलेला काटा आज लिहितानाही येतो. नवरी माझ्या शेजारी होती. हळदीच्या अंगाने, गुडघे पोटाशी घेऊन. तिचा चेहरा मला तेव्हा कुठे आठवला, तुम्ही विचारल्यावर. पांढरा पडला होता. तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांना ते होऊन गेलंय. तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते तिला आज गाण्यातून कळलं." मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि मला ती दिसली नव्हती, तुम्ही भिंतीपलीकडे पोत्यावर बसून तिला पाहिलंत. देवळात जाऊनही मला कधी असं झालं नाही, जे त्या मागच्या दारात झालं. मी चौथ्या ओळीत 'नवरी' असं लिहिलं आणि आत जाऊन तिच्याजवळ बसले. तिने माझा हात धरला तो पंगत उठेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मी तुमची कारकून झाले. बायका दळताना, निवडताना, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला काय काय बोलतात ते मी मनात धरायची आणि घरी येऊन चिठ्ठीवर उतरवायची. तुमचं शास्त्रही हळूहळू मला कळायला लागलं. तुम्ही म्हणायचात, विनोदाच्या बुडाशी दोनच गोष्टी. एक ओढ, जी उघड बोलायची चोरी. दुसरा ओरखडा, जो हाताने काढायची चोरी. दोन्ही हसण्याचं पांघरूण घेऊन बाहेर येतात, आणि घरातली अब्रूदार माणसं त्यांना दारातून आत घेतात. मी म्हणायची, "म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे मी दिवसभर चोरांच्या याद्या करते." तुम्ही म्हणायचात, "चोर नव्हेत वहिनी. घरचीच माणसं आहेत, मागच्या दाराने येणारी."

आणि त्याच काळात मी तुमचा घात केला. ते पडवळाचं.

खरं तर माझा इलाज नव्हता. मी भिक्षुकाच्या घरातली मुलगी. काही शब्द कानांनी ऐकवत होते, जिभेवरही कसेबसे येत होते, पण हाताने लिहायची वेळ आली की बोरू अडायचा. मग जिथे हात धजायचा नाही तिथे मी भाजीचं नाव घालायची. पडवळ म्हणा, भोपळा म्हणा. फारच बिकट जागा असली तर वरवंटा. मला वाटलं, तुम्ही शहाणे, समजून घ्याल. तुम्हाला काय माहीत! तुम्ही वर्षभर त्या चिठ्ठ्या जुळवून एक सोळा पानी निबंध लिहिलात. आपल्या या कोरड्या मुलखात हिरव्या भाजीचं दुर्भिक्ष, म्हणून इथल्या बायकांची ओढ भाजीपाल्याचं रूप घेते. पावसाच्या मुलखात असं आढळत नाही. तो निबंध पुण्यात प्रोफेसरांपुढे वाचायचं ठरलं. मला हे कळलं ते तुम्ही ट्रंक घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर निघालात तेव्हा.

मी डोक्यावर पदर घेऊन तुमच्यामागे धावले, "भाऊजींचा डबा राहिला" असं ओरडत. डबा नव्हताच. अड्ड्यावर लिंबाखाली तुम्हाला गाठलं आणि दम खात म्हटलं, "ते पडवळ माझं आहे." तुम्हाला काही उमगेना. मी म्हटलं, "बायका पडवळ म्हणत नाहीत. बायका सरळ म्हणतात. मला लिहवेना म्हणून मी पडवळ घातलं. सगळीकडे. वरवंटाही माझाच." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हातातल्या निबंधाकडे पाहिलंत, आणि ट्रंकेवर मटकन बसलात. मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी, चष्मा हातात, खांदे हलताहेत. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, मोटार निघून गेली, तरी तुमचं थांबेना. मी घाबरून म्हटलं, "एवढ्या कष्टाचं वाटोळं झालं आणि हसता काय?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, सोळा पानं मी ज्या बाईच्या लपवाछपवीवर लिहिली ती बाई माझ्याच घरात होती. मी तिलाच ओळखलं नाही."

मग तुम्ही चष्मा लावलात आणि जे बोललात ते मी जन्मात विसरणार नाही. "यापुढे हात अडेल तिथे जागा मोकळी सोडा. खोटं घालू नका. मोकळी जागा मला वाचता येते."

आता कुरडयांच्या दिवसाचं लिहिते. आजवर हे आपण दोघांनीही टाळलं.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आपल्या अंगणात जमल्या होत्या. मी सोऱ्या धरून बसले होते. पलीकडच्या काकू चीक घोटता घोटता म्हणाल्या, "अगं, एवढ्या कुरडया कोणासाठी घालतेस? तुझ्या घरात खाणारी तोंडं तीन. चौथं काही यायचं नाव घेत नाही. कुरडयांनाच अंगडी टोपडी शीव आता." बायका हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, भाऊजी. इतकं, की आईंनी आतून विचारलं, काय झालं गं.

तेवढ्यात भाजीवाली सखूबाई दारात टोपली उतरवत होती. तिने ते ऐकलं. टोपली खाली ठेवली, चुंबळ झटकली आणि काकूंना म्हणाली, "अवो काकू, रान पडीक ऱ्हायलं की समदी रानाला बोल लावत्यात. बैल कंदी तपासलाय का कुनी?"

अंगणात जे हसणं सुटलं! माझ्या हातातला सोऱ्या चिकात पडला. मी मांडी मोडून आडवी झाले, पोटात कळ येईपर्यंत हसले. सखूबाई आपली शांतपणे विचारते, "मंग, वांगी घेताय ना? ताजी हायेत." सात वर्षं मी नवस बोलले होते, वैद्याचे काढे प्याले होते, पिंपळाला फेऱ्या घातल्या होत्या, आणि कोणाच्याही मनात जे आलं नव्हतं ते ती वांगी विकायला आलेली बाई दारात उभी राहून बोलून गेली होती.

शनिवारी मी तुम्हाला दोन चिठ्ठ्या दिल्या. काकूंच्या चिठ्ठीवर न हसलेली कोण, याच्यापुढे मी लिहिलं होतं, 'कोणी नाही.' तुम्ही ती वाचलीत, मान वर केलीत. "कोणीच नाही?" मी म्हटलं, "कोणीच नाही. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसले." तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि चिठ्ठी पालथी ठेवलीत. दुसरी वाचताना मात्र तुम्ही थबकलात, कारण तिथे आधी कोण हसलं, याच्यापुढे मी पहिल्यांदाच लिहिलं होतं, 'मी.'

आणि तिथेच आपलं भांडण जुंपलं. तुम्ही म्हणालात, हा ओरखडाच. रानावरचा काढून बैलावर मारला इतकंच. मी म्हटलं, "नाही. ही तिसरी जात आहे. ही फुंकर आहे. भाजल्यावर आई घालते ती." तुम्ही म्हणालात, "फुंकर हे शास्त्र नव्हे, वहिनी." मी म्हटलं, "तुमच्या शास्त्राची शिवण दोन बोटं उसवून घ्या. परकर नाही का उसवत, पोरगी वाढली की?" तुम्ही म्हणालात, "पुरावा आणा." मी म्हटलं, "आणते." दोन वर्षं हे चाललं होतं. सणाला आलात की पानावर बसता बसता विचारायचात, "सापडला का पुरावा?" दादांना वाटायचं, घरातली काही वस्तू हरवली आहे.

पण त्या भांडणाआड तुम्ही काय काय केलंत ते माझ्या लक्षात येत होतं. दिराला भावजयीच्या थट्टेची मोकळीक असते. तुमचे मावसभाऊ यायचे, हसत विचारायचे, "काय वहिनी, बारसं कधी जेवायचं?" तुम्ही तिथे असलात की त्या वाक्यावर कधी कोणाला हसू येईनासं झालं. तुम्ही रागवायचात नाही, भाषण द्यायचात नाही. फक्त खिशातून चिठ्ठी काढून गंभीरपणे विचारायचात, "परत सांगा हो, नीट लिहून घेतो." एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा सांगताना अडखळायचे, तिसऱ्यांदा पाणी मागायचे. हे तुम्ही माझ्यासाठी करत होतात की शास्त्रासाठी, हे मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

तर असा तो बंब पेटला होता आणि मी माजघरात उभी होते. मी गेले नाही म्हणून दादा आत आले. त्यांनीच पेटी उचलून अंगणात नेली, झाकण उघडलं आणि जाळण्याआधी एक मूठ चिठ्ठ्या बाहेर काढल्या. कचेरीतला माणूस, कागद न वाचता विस्तवात टाकणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. वाचता वाचता त्यांची बोटं थांबली. घरातली यादी गेली नऊ वर्षं ज्या अक्षरात ते बाजाराला नेत आले, ते अक्षर. त्यांनी वर पाहिलं.

"हे तू लिहिलंस?"

बंबाच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. नाही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं, भाऊजींनी सांगितलं म्हणून उतरवून दिलं. तुम्ही काही खोडायला येणार नव्हतात. पण मला ती मोकळी जागा आठवली, आणि मी म्हटलं, "हो. अर्ध्याच्या वर मीच लिहिलंय. त्यांना आत येता येत नव्हतं, मला येत होतं."

आई बंबाशेजारच्या पाटावर बसल्या. दादा पुढची चिठ्ठी वाचत होते. त्यांच्या हाती कुठली लागली ते मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. सखूबाईची. शेवटून दुसरी ओळ, आधी कोण हसलं, मी. नऊ वर्षांत आम्ही दोघं या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. काढे माझे, नवस माझे, उपास माझे. त्यांनी ती चिठ्ठी कितीतरी वेळ हातात धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बैल कोणी तपासला नाही, हे खरं आहे."

आई म्हणाल्या, "बैल? आपल्याकडे कुठला रे बैल?"

भाऊजी, आधी दादांचा खांदा हलला. मग माझा. सुतकाच्या घरात, बंबासमोर, आम्ही नवराबायको हसायला लागलो. ते तुमच्यासारखेच हसतात, चष्मा हातात घेऊन, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता ते रडायला लागले. तुमच्यासाठी बारा दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. तिथे खाली बसून लहान मुलासारखे रडले आणि त्यांनी आईंच्या देखत माझा हात धरला. पुरावा आणा म्हणत होतात ना? हा घ्या. दोन वर्षं शोधत होते, तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मिळाला. आता तो दाखवायला मी कुठे येऊ?

आई आमच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यात माझंही असेल ना गं? ते, वामन म्हणाला ते." मी पेटीतून शोधून ती चिठ्ठी काढली, नवरीची, आणि त्यांना वाचून दाखवली. 'वीस वर्षं रोज रात्री' इथवर आल्यावर त्यांनी हात वर केला. "वीस नाही. तीस. तीस म्हणाले होते मी. तो व्याही चांगला पिकलेला होता." थोड्या वेळाने पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तेवढं नीट कर. चुकीचं नको जायला पुण्याला."

मी वीस खोडून तीस केलं. पाणी तापलंच होतं, दादांनी आंघोळ केली.

परवा ते स्वतः वह्या घेऊन पुण्याला जायचे आहेत म्हणून काल मी गठ्ठा बांधायला बसले. तुमच्या पक्क्या वहीत मी आजवर कधी डोकावले नव्हते. चिठ्ठ्यांवरून तुम्ही तिच्यात सुवाच्य उतरवून काढायचात. उघडली आणि कुरडयांचा दिवस शोधला. सखूबाईच्या बोलण्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'फुंकर? पुरावा अपुरा.' मला राग आला आणि बरंही वाटलं, म्हणजे हट्ट काही तुम्ही सोडला नव्हतात. त्याच्या वर काकूंचं बोलणं. माझ्या चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर तुम्ही उतरवलंय. अंगडी टोपडी, सगळं. आधी कोण हसलं, तेही. आणि चौथ्या ओळीत माझं 'कोणी नाही' नाही. न हसलेली कोण, इतकं लिहून पुढे तुम्ही जागा मोकळी सोडली आहे. मी पानं उलटत गेले. वांझेवरचा जो जो विनोद मी तुम्हाला आणून दिला, हसतमुखाने आणून दिला, त्या प्रत्येकाखाली तीच मोकळी जागा. एका माणसाचं नाव मावेल एवढी. दोन वर्षं तुम्ही ती माझ्यासाठी राखून ठेवलीत आणि एकदाही मला भर म्हणाला नाहीत.

मी दौत घेतली. 'वहिनी' असं लिहिणार होते, कारण तुम्ही मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीच नाही. मग वाटलं, पुण्याच्या लोकांना कोणाची वहिनी हे कसं कळणार? आणि त्या दिवशी अंगणात जी हसली नव्हती ती कोणाची वहिनीही नव्हती, सूनही नव्हती. मी पहिल्या जागेत लिहिलं, द्वारका. मग पान उलटून दुसऱ्या जागेत, द्वारका. शेवटच्या पानापर्यंत लिहीत गेले. शाई वाळेपर्यंत वही मांडीवर उघडी ठेवली आणि मग दादांच्या हाती दिली.